ह्यातलं मूळचं काय?

पाहुण्यांना पुणे दाखवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. लग्न होऊन सदाशिव पेठेत आले त्याला सव्वीस वर्षं झाली. नवऱ्याचं गोत सगळं मराठवाडाभर पसरलेलं. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाची अँजिओग्राफी, कुणाचं स्थळ बघायचं, असं काही ना काही निघतं आणि मंडळी येतात. काम उरकलं की चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतात, "मग, बघण्यासारखं काय आहे इथं?"

यादी मला पाठ आहे. पहिल्या दिवशी शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, दगडूशेठ, तुळशीबाग. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वती, मग केळकर संग्रहालय, संध्याकाळी सारसबाग. पाहुण्यांत दम असेल तर तिसऱ्या दिवशी सिंहगड, आणि तोही रविवार सोडून, कारण रविवारी गडावर पुणेकरच इतके असतात की गड दिसत नाही. अधूनमधून मिसळ, मस्तानी, जाताना बाकरवडीचे पुडे. बोलायचं काय तेही ठरलेलं आहे. कुठल्या दरवाज्यापाशी थांबायचं, कुठे सनावळी फेकायची, कुठे आवाज खाली आणायचा. नवरा त्याला 'टेप' म्हणतो.

फेब्रुवारीत जालन्याचे काका-काकू आले. काकूंचे गुडघे दाखवायचे होते. तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट चार दिवसांनी मिळणार म्हणून कळलं. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. सदऱ्याच्या खिशात अजून मोजायची टेप असते. कुठल्याही भिंतीजवळ गेले की आधी बोटाच्या पेरांनी ती वाजवून बघतात. आल्या आल्या आमच्या हॉलची वाजवून झाली. काही बोलले नाहीत, पण चेहरा बघून मीच म्हटलं, "बिल्डरनं दिलंय तसं आहे, काका."

शनिवारवाड्यापासून सुरुवात केली. दिल्ली दरवाज्यासमोर उभी राहून मी टेप लावली. १० जानेवारी १७३० ला पहिल्या बाजीरावांनी पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, दोन्ही दिवस शनिवार, म्हणून नाव शनिवारवाडा. दाराला हे अणकुचीदार खिळे कशाला, तर हत्तीनं धडक देऊ नये म्हणून. इथपर्यंत काका "बरं, बरं" म्हणत होते. आत गेलो. आत हिरवळ, फुलांचे ताटवे, गुडघ्याएवढी जोती आणि जोत्यांवर बसून फोटो काढणारी कॉलेजची पोरं. मी हात दाखवत पुढे निघाले, "हा दिवाणखाना होता, इथे आरसेमहाल होता, तिकडे हस्तिदंती महाल..."

"होता, होता चाललंय तुझं," काका म्हणाले. "ह्यातलं मूळचं काय ते सांग की."

सव्वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक मान हलवतात, फोटो काढतात, पाणी मागतात. मी म्हटलं, २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, सात दिवस वाडा जळत होता. तट, दरवाजे, ही जोती आणि पुढचं कारंजं, एवढंच उरलं. काका एका जोत्याशी उकिडवे बसले, सांध्यावरून अंगठा फिरवला.

"लाकूड कुठलं होतं?"

"जुन्नरच्या जंगलातला साग. दगड चिंचवडच्या खाणीतला. चुना जेजुरीचा."

ही तीन नावं मी इतक्या वेळा म्हटली आहेत की त्यांचा अर्थ कधीच पुसून गेला होता. काका तिथे अडकले. जेजुरी इथून पन्नासेक किलोमीटर, मध्ये दिवे घाट. "चुना घाटातून आणला? बैलगाडीनं?" मग पाऊस लागला तर चुना झाकायचा कसा, गाडीमागे किती बैल, असं त्यांचं मनातल्या मनात सुरू झालं. सगळ्या वाड्याला १६,११० रुपये खर्च आल्याचं सांगितल्यावर इतक्या जोरात हसले की पहारेकऱ्यानं वळून बघितलं. "अगं, ह्याच्यात आमच्या शाळेच्या कंपाउंडचं फाटक होत नाही."

नारायणरावांच्या खुनाची गोष्ट मात्र मी त्या दिवशी गाळली. एरवी तो टेपमधला खास भाग. पण शेजारी सख्खे काका उभे असताना 'काका, मला वाचवा' म्हणायला जीभ रेटेना.

मग आलं हजारी कारंजं. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ, आत्ता कोरडं. काकांनी कठड्यावरून वाकून बघितलं आणि पुढच्या तीन दिवसांची दिशा बदलणारा प्रश्न विचारला. "ह्याला पाणी कुठून यायचं?"

"कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांनी तिथे तलाव बांधून दगडी नळानं गावात आणलं होतं. १७५० च्या आसपास."

"कात्रज किती लांब?"

"दहाएक किलोमीटर."

"आणि पंप नाही." काकांनी खिशातली टेप उगीच अर्धी ओढली आणि सोडली. सटकन आत गेली. "म्हणजे सगळा उतारावर खेळ." मग त्यांनी मलाच सांगायला घेतलं. नोकरीची बरीच वर्षं औरंगाबादला गेलेली, त्यामुळे मलिक अंबरची नहर, म्हणजे तिथली जुनी जमिनीखालची पाणीयोजना, त्यांच्या अंगात भिनलेली. बंद नळात हवा कोंडली की पाणी अडतं, म्हणून मध्ये मध्ये वर हवा सुटायला जागा लागते. "तुमच्याकडंही असणार मनोरे." मी म्हटलं, आहेत, त्यांना आमच्याकडे उसासे म्हणतात. हा शब्द काकांना फार आवडला. दिवसभर मधूनच "उसासे" म्हणून स्वतःशी हसायचे. पुढचे तीन दिवस कुठंही गेलो तरी आधी एकच चौकशी, इथं पाणी कुठून यायचं.

लाल महालाशी मी जरा धास्तावूनच गेले. शहाजीराजांनी बांधलेला मूळ वाडा कधीच नाहीसा झाला. आत्ता जो दिसतो तो १९८० च्या दशकातला. म्हणजे वयानं माझ्याहून लहान. मी आधीच कबुली देऊन टाकली. काकांनी भिंत वाजवली, पण पायातल्या चपला काढून जिजाऊंच्या आणि लहानग्या शिवबाच्या पुतळ्यापुढे हात जोडून बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर मी बघतच होते, तेव्हा म्हणाले, "जागा तीच आहे ना? मग झालं." ५ एप्रिल १६६३ ची रात्र, शाहिस्तेखान, तुटलेली बोटं, हे काही मला सांगावंच लागलं नाही. ते काकूंनीच सांगितलं, रिक्षावाल्याला, दगडूशेठला जाताना.

दुपार काकूंची होती. तुळशीबागेत त्यांना गुडघे दुखत असल्याचं आठवलं नाही. नातीसाठी पितळेची भातुकली घ्यायची होती. बोटाच्या पेराएवढा बंब, करंगळीएवढी पळी, रुपयाएवढी परात, त्यातला पाटा-वरवंटा बघून काकू म्हणाल्या, "हिला वरवंटा म्हणजे काय ते आधी सांगावं लागेल." घासाघीस अर्धा तास. तेवढ्यात मी काकांना गर्दीच्या पोटातून आत राममंदिरात नेलं. बाहेर पिना, बांगड्या, स्टीलचे डबे, आणि दहा पावलं आत गेलं की पेशवाईतल्या नारो आप्पाजी खिऱ्यांनी बांधलेलं देऊळ आणि शांतता. पुण्यात नवीन आलेल्यांपैकी दहातल्या आठांना तुळशीबागेत देऊळ आहे हे माहीतच नसतं. मी स्वतः लग्नानंतर वर्षभर नुसत्या बांगड्याच बघत होते.

तिथून मंडई. अष्टकोनी, मधे उंच मनोरा, १८८६ सालची. आता मेट्रोचं स्टेशन तिच्या शेजारीच पोटात घातलंय. मंडईची गोष्ट मला सांगायला नेहमीच आवडते. ही बांधायचं घाटत होतं तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेत सभासद होते आणि त्यांनी विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला म्हणून. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं. काका खांब वाजवत म्हणाले, "विरोध केलेल्या कामाला नाव लागणं, हे आमच्या खात्यात कधी झालं नाही." इथे मूळचं काय हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. भाजीवाल्या ओरडत होत्या, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होत्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या कामाला आजही तेच काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना सारसबागेत बाकावर बसवून आम्ही पर्वती चढलो. पायऱ्या १०३. उंच नाहीत, रुंद आहेत, हत्ती चढावेत अशा. वर नानासाहेबांनी १७४९ मध्ये बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ ला इथेच वर गेले, त्यांची समाधीही इथेच. कात्रजचं पाणी आणणारा माणूस हाच, हे ध्यानात आल्यावर काका समाधीपाशी थोडे जास्त थांबले. मग कठड्यावरून खाली बघितलं. मी दाखवत होते. ती झाडी दिसते ती सारसबाग, त्यात तळ्यातला गणपती.

"तळं कुठंय?"

झालं. तळंही 'होतं'मध्येच. नानासाहेबांच्या काळात तिथे मोठं तळं होतं, मधल्या बेटावर सवाई माधवरावांच्या वेळी गणपती बसला. पुढे तळं आटवून बाग झाली. आता देवळाभोवती कमळांचं छोटंसं पाणी तेवढं आहे, नाव मात्र अख्ख्या तळ्याचं. काका काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याने मला उगाचच आपण कुणाला तरी फसवतोय असं वाटायला लागलं. म्हणजे मी एवढी वर्षं पाहुण्यांना दाखवत होते ते काय? नसलेल्या वाड्यात उभं करून नसलेले महाल, नसलेल्या काठावरून नसलेलं तळं. आणि लोक बिचारे माझ्या बोटाकडे बघून "वा!" म्हणत होते.

केळकर संग्रहालयात तर हे टोकाला गेलं. तिथे कोथरूडचा मस्तानी महाल आहे. होय, कोथरूडचा महाल शुक्रवार पेठेत. दिनकर केळकरांनी त्याचे उरलेसुरले खांब, कमानी आणून इथे परत उभे केले. "म्हणजे लाल महालाची जागा खरी आणि महाल नवा," काका म्हणाले, "आणि ह्याचा महाल खरा, पण जागा भलतीच." असा हिशेब मी कधीच मांडला नव्हता.

पण त्या संग्रहालयाला दोन तास कमी पडतात, आणि काकूंना तर तीन कमी पडले. केळकर हे कवी, 'अज्ञातवासी' नावानं लिहायचे. राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हा संग्रह. वीस हजारांच्या वर वस्तू, त्यातल्या मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. १९७५ मध्ये सगळं सरकारला देऊन टाकलं. राजवाड्यातल्या हिऱ्यामाणकांचं हे म्युझियम नाही. इथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, दौती आहेत, कुंकवाचे करंडे आहेत. काकू वज्रीच्या कपाटापुढे खिळल्या. वज्री म्हणजे न्हाताना टाच घासायची. आमच्याकडे ती काळ्या दगडाची किंवा भाजक्या मातीची असायची. इथल्या पितळेच्या, वर मोर, हत्ती. काकू काचेला नाक लावून म्हणाल्या, "माझ्या आईची मोराचीच होती. मोडीत दिली हो आम्ही. किलोवर." मग दहा मिनिटं त्या तिथून हलल्या नाहीत. मी टेप वगैरे काही लावली नाही.

आगाखान पॅलेसला मी मुद्दाम वेळ राखून ठेवते, आणि तिथेही टेप लागत नाही. इमारत १८९२ सालची, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून उभी केलेली. काकांना हे माहीत होतं, रोजगार हमीवर त्यांनी किती तळी खणून घेतलीत. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना पकडून इथे ठेवलं, ६ मे १९४४ ला सोडलं. मधे सहाव्या दिवशी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत, तुळशीसारख्या. काकूंनी खाली पडलेली दोन पानं उचलून बाजूला ठेवली. आम्ही परत फिरलो.

परतीच्या वाटेवर पाताळेश्वर. काकांची परीक्षा इथे एकदाची पास झाली. आठव्या शतकातलं राष्ट्रकूटांच्या काळचं लेणं, रस्त्याच्या पातळीखाली उतरून जायचं, अंगणात गोल नंदीमंडप, सगळं एकाच काळ्या खडकातून काढलेलं. "इथं जोडकाम नाही," काका म्हणाले. "वीटही आणलेली नाही, चुनाही नाही. जे होतं त्यातलंच काढून टाकत गेलेत." लेणं अर्धंच राहिलंय, आत छिन्नीच्या खुणा तशाच आहेत. त्या खुणांवर त्यांनी हात ठेवला. मग बाहेर येऊन त्यांनी जंगली महाराज रस्त्याकडे बघितलं आणि एकदम ओळख पटल्यासारखे म्हणाले, "हाच का तो?" सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर केलेला, कित्येक पावसाळे खड्डा न पडलेला रस्ता. खात्यात त्याच्या गोष्टी सांगायचे म्हणे, भुताच्या सांगतात तशा. फुटपाथवर उभे राहून काकांनी तो पाहून घेतला. पाहुण्यांना दाखवायच्या यादीत रस्ता घालावा असं मला कधी सुचलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सिंहगड नको, कात्रज, असं काकांनी जाहीर केलं. मी म्हटलं, चला, प्राणिसंग्रहालयही होईल, काकूंना वाघ दिसेल. फाटकाशी जाऊन उभे राहिलो तेव्हा आठवलं की आज बुधवार. बुधवारी ते बंद असतं. सव्वीस वर्षांचं खातं आणि ही माझी हुशारी! काकूंनी फाटकाबाहेर भेळ खाल्ली आणि मला माफ केलं. काकांना वाघाचं सोयरसुतक नव्हतंच. तलावाच्या कडेला जाऊन ते बांधावर बसले, डोंगराकडे बघितलं, शहराकडे बघितलं, आणि हातानं हवेत एक तिरकी रेघ काढली. कात्रज ते कारंजं. म्हणाले, "आमच्याकडं आठ-आठ दिवस नळ येत नाही. आणि हे बाबा..." पुढे बोलले नाहीत.

रात्री जेवताना पाण्याचाच विषय. मी सहज सांगितलं की १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, तेव्हा गावाचे नळच बंद पडले. आमच्या या इमारतीच्या जागी तेव्हा वाडा होता. सासूबाई सांगायच्या, त्या दिवसांत सगळा वाडा आडाच्या पाण्यावर निघाला. पंधरा बिऱ्हाडं आणि आजूबाजूचे वेगळेच.

काकांचा घास हातात राहिला. "आड कुठंय?"

"बुजवला असेल, काका. वाडा पाडून इमारत झाली त्याला वीस वर्षं झाली."

"आड बुजवत नाहीत. झाकतात."

दुसऱ्या दिवशी काकूंचे रिपोर्ट आणून दुपारी एकला आलो, तर काका पार्किंगमध्ये. एका कोपऱ्यात, खांबाजवळ, चौकोनी लोखंडी झाकण होतं. मी त्यावरून हजारदा गेले असेन. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्यांची स्कूटर उभी, हँडल लॉक. वॉचमन म्हणाला, साहेब झोपलेत. एक ते चार. काकांना वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, थट्टा नाही, चार वाजेपर्यंत बेल मारायची सोय नाही. काकांनी चटई मागवली आणि खांबाला टेकून बसून राहिले. काकूंनी वरून चहा पाठवला. साडेतीनला आणखी एक.

चारला साहेब खाली आले. स्कूटर काढली. कशासाठी ते विचारलं. आड बघायचाय म्हटल्यावर काकांकडे, मग माझ्याकडे बघितलं, काही न बोलता बाजूला उभे राहिले. वॉचमनने पहार आणली. झाकण करकरत उचकटलं. आतून गार, ओल्या मातीचा आणि थोडा गंजाचा वास आला. काकांनी मोबाईलचा उजेड आत सोडला. घडीव काळ्या दगडाचा गोल, खाली खाली जाणारा, एका बाजूला हात-पाय ठेवायच्या खोबण्या. तळ दिसेना. काकांनी पेरांनी वरचा दगड वाजवला, माझ्याकडे बघितलं आणि खिशातलं एक रुपयाचं नाणं आत टाकलं.

एक, दोन. डुबुक.

"पाणी आहे!" वॉचमन ओरडला. काकांनी आणखी एक नाणं टाकलं, नुसतं परत ऐकायला. माझ्या हातातून तिसरं गेलं.

"झालं का बघून?" साहेब म्हणाले. "झाकण लावा ते नीट. डास होतात."